गनमेटलचे दोन बुश

आई गेल्यावर दोन महिन्यांनी बाबा माझ्याकडे चंदीगडला आले. दादाचं पुण्याचं घर माझ्या सरकारी क्वार्टरपेक्षा बरंच मोठं आहे, पण तिथे बाबांना करमणार नाही असं दादाने ठरवलं होतं. समुद्राचा वाससुद्धा येत नाही अशा गावात त्यांना करमेल, हेही बहुधा त्यानेच ठरवलं.

बाबांच्या सामानात लुंगीत गुंडाळलेलं एक रीळ होतं, मासे गरवायचं. रत्नागिरीला ते बंदरावरच्या ऑफिसात कारकून होते आणि रविवारी खडकावर गरवायला बसत. एका परदेशी बोटीवरच्या खलाशाने जाताना त्यांना हे रीळ दिलं होतं. जड, आडवं, दोन्ही बाजूंना काळ्या बेकेलाइटची झाकणं आणि मध्ये दोरी गुंडाळायची फिरकी. दादा त्यांच्याबरोबर खडकावर जायचा. मी घरी मासे साफ करायची. रिळाला हात लावायचा नाही हा नियम फक्त मला होता.

चंदीगडला बाबा रोज दुपारी ते उघडून मांडीवर घ्यायचे, हँडल फिरवून बघायचे आणि परत गुंडाळून ठेवायचे. हँडल अर्ध्यावर अडकायचं. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला आहे, सतरा सेक्टरमधल्या ऑफिसात यंत्रांच्या देखभालीचंच काम बघते. एका शनिवारी मी विचारलं, उघडून बघू का? ते म्हणाले, राहू दे. पण त्यांनी ते टेबलावरच ठेवलं, गुंडाळलं नाही. मी पेपर पसरला आणि स्क्रू काढले.

आत ग्रीसचा हिरवा दगड झाला होता. मिठाने गिअरच्या दातांत पापुद्रे धरले होते. सगळं रॉकेलमध्ये भिजवलं, टूथब्रशने घासलं. खरी अडचण बुशांची होती. फिरकीचा दांडा दोन बाजूंना ज्या पितळी बुशांत फिरतो, ते झिजून त्यांची भोकं लंबगोल झाली होती. दांडा त्यात हलायचा, फिरकी डगमगायची आणि एका झाकणाला घासायची. ही झीज बाबांच्या कितीतरी वर्षांच्या रविवारांची होती, आणि त्यांतला एकही रविवार माझा नव्हता.

मी हुशारी केली. बुश काढून डबीत ठेवले आणि त्यांच्या जागी त्याच मापाच्या स्टीलच्या बेअरिंग बसवल्या. फिरकीला बोट लावलं की ती कितीतरी वेळ फिरत राही. कौतुक होईल म्हणून मी बाबांना घेऊन समोरच्या पार्कमध्ये गेले. त्यांनी एका बांबूच्या काठीला रीळ लावलं, दोरीला शिशाचं वजन बांधलं आणि फेकलं. वजन गवतावर पडलं तरी फिरकी थांबेना. दोरी सैल पडून तिचा असा गुंता झाला की शेवटी कात्रीने कापावी लागली. फिरकी अंगठ्याने दाबून थांबवायला गेले तर त्यांचा अंगठा सोलवटला.

"हे माझं रीळ नाही," ते म्हणाले आणि काठी माझ्या हातात देऊन घरी निघाले. दोन दिवस आम्ही जेवणापुरतंच बोललो.

जवळच्या मनीमाजऱ्याच्या जुन्या बाजारात एका गल्लीत लेथवाले सरदारजी होते, सत्तरीच्या घरातले. मी जुने बुश आणि फिरकी घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी चहा दिला, मग दांडा दोन बोटांत धरून फिरवत राहिले. बेअरिंगचं सांगितल्यावर हसले नाहीत. म्हणाले, "मैडम जी, थोड़ी रोक भी चाहिए होती है." हाताने फेकायच्या वस्तूला इतकं मोकळं सोडायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी गनमेटलचे, म्हणजे पितळेहून टणक अशा मिश्रधातूचे, दोन बुश कातून दिले, भोक जरा तंग ठेवून. बाकीचं तुम्ही हाताने करा, म्हणाले.

ते मी चार दिवस संध्याकाळी बसून केलं. भोक किंचित मोठं करायचा रीमर एकदा फिरवायचा, बुश पुसायचा, दांडा घालून बघायचा, पुन्हा फिरवायचा. आतून तेलासाठी बारीकशी खाच काढली. शेवटच्या संध्याकाळी दांडा आपल्या वजनाने बुशात सरकला, आणि आडवा हलवून बघितला तर जराही डगमगला नाही. नोकरीत इतकी कामं केली, पण एवढं नीट काम माझ्या हातून क्वचित झालं असेल.

रविवारी सकाळी बाबा पार्कात तासभर फेकत होते. वजन जाऊन पडायचं आणि अंगठा नुसता टेकवला की फिरकी थांबायची. फिरायला आलेली माणसं उभी राहून बघत होती. बाबांनी रीळ कानाशी नेलं, फिरकी फिरवून आवाज ऐकला. मी शेजारी उभी होते. ते काहीतरी बोलतील असं मला वाटत होतं, आणि ते बोलले.

"आता चालेल त्याला."

"कोणाला?"

"दादाला. त्याचंच आहे ना ते. पाठवून दे पुण्याला."

मी बरं म्हटलं. दादाने शाळा सोडल्यापासून हातात गळ धरलेला नाही, हे मी बोलले नाही. तुमचं अंथरूण, तुमची औषधं, तुमचा दवाखाना कोण बघतं, हेही बोलले नाही. बाबा दुपारी झोपल्यावर मी पेपर पसरला, गनमेटलचे बुश काढले आणि झिजलेले जुने परत बसवले. दहा मिनिटांचं काम होतं. वर स्वच्छ तेलाचा हात दिला, बाहेरून पुसून चकचकीत केलं आणि सोमवारी कुरिअरने पाठवून दिलं.

आठवड्याने दादाचा व्हिडिओ कॉल आला. रीळ त्याने दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवलं होतं, आत छोटा दिवा लावून. पाहुण्यांना फार आवडतं, म्हणाला. बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"फिरवून बघितलंस का?" त्यांनी विचारलं.

दादा म्हणाला, बघतो ना, सवडीने.

"बघ. तुझ्या बहिणीने बुश काय बसवलेत. असं काम मी बंदरावरसुद्धा पाहिलं नाही."

मी ओट्याशी कणीक मळत होते. एवढं त्यांनी मला कधी म्हटलं नव्हतं, आणि आताही मला म्हटलेलं नव्हतं. शिवाय ते काम पुण्याला नव्हतंच. ते माझ्या ऑफिसच्या खणात होतं.

रात्रीच्या जेवणाला मी सांगितलं. उगाच आढेवेढे घेतले नाहीत. म्हटलं, "बाबा, पाठवताना मी जुनेच बुश घातले. नवे माझ्याकडे आहेत."

ते रागावतील असं मला वाटलं. खरं तर त्यांनी रागवावं असंच वाटत होतं. म्हणजे मलाही बोलता आलं असतं, आणि माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तसाच धरून राहिले.

"त्याला सांगू नकोस," ते म्हणाले.

मला वाचवायला म्हणाले, की दादाला वाईट वाटू नये म्हणून, ते मी विचारलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. दादाने ते कपाट अजून उघडलेलं नाही. बाबा माझ्याकडेच आहेत. दुपारी आता मांडीवर घ्यायला काही नसतं, म्हणून टीव्ही लावून बसतात आणि आवाज फार मोठा ठेवतात.