जाड तळाची चप्पल

माझा डावा पाय उजव्यापेक्षा तीन बोटं आखूड आहे. लहानपणीच्या कुठल्याशा तापानं तो वाळवला, असं आई सांगायची. चालताना मी असा काही डुलतो की मुलं मला गल्लीच्या टोकाला बघूनच ओळखतात आणि मी घरी पोचेपर्यंत अभ्यासाला बसलेली असतात. आखूड पायाचा हा एक फायदा. दुसरा अजून सापडायचा आहे.

ही हकीकत मी पंचविशीत होतो तेव्हाची, म्हणजे एकोणीसशे तेहतीस-चौतीसच्या सुमाराची. नाशकात भांडी बाजारात थोरल्या भावाचं तांब्यापितळेचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या ओट्यावर बसून मी भांड्यांवर नावं घालायचो. भांडं मांडीवर आडवं धरायचं, छिन्नी तिरकी टेकवायची आणि हातोडीच्या बारीक टोल्यांनी ठिपक्याठिपक्याचं अक्षर उमटवायचं. लग्नसराईत निम्म्या जिल्ह्यातल्या नवरानवरींची नावं माझ्या हाताखालून जात. मांडी घालून बसलो की बाजारात माझ्या तोडीचा कारागीर नव्हता. उठलो की मात्र लोक पायाकडे बघत. म्हणून मी शक्यतो उठतच नसे. गिऱ्हाईक बाई असली तर मान आणखी खाली. "नाव काय घालायचं?" एवढं हंड्याला विचारायचं आणि उत्तरही हंड्याकडूनच ऐकायचं.

माझ्या लग्नाचं बोलणं दोन ठिकाणी पायाचं ऐकूनच मोडलं. तिसऱ्या मुलीचा मामा मला बघायला दुकानात आला आणि तासभर समोर बसून गेला. त्याचा निरोप आला, "पायाचं काही नाही हो, पण मुलगा मुका आहे हे आधी सांगायला हवं होतं."

घरात भाऊ संतापला, मी जेवलो नाही. वहिनी तेवढी हसली. ती सटाण्याकडची. एरवी नाशकासारखं बोलायची, पण रागावली किंवा फार माया आली की तिचं बागलाण बाहेर पडायचं.

"भाऊजी," ती म्हणाली, "पाय आखूड शे तुमना. जीभ तं आखूड नही ना?"

दुसऱ्या दिवसापासून तिनं मला नेम घालून दिला. दुकानात येणाऱ्या रोज एका तरी बाईशी, तिच्या तोंडाकडे बघून, कामाखेरीज एक वाक्य जास्तीचं बोलायचं. आणि रात्री ते तिला सांगायचं.

पहिल्या दिवशी मी कळवणच्या एका बाईंकडे बघितलं, घाम पुसला आणि म्हणालो, "बाई, तुमच्या हंड्याला मागून पोचा आहे." बाईंनी हंडा तिथेच सोडला आणि भावाशी असं भांडण मांडलं की समोरचे दुकानदार हातातली कामं टाकून ऐकायला आले. भाऊ म्हणाला, "याला परत मुका करा." वहिनीनं त्याला गप्प केलं आणि मला म्हणाली, "वाक्य झालं ना? उद्या दुसरं."

दुसरं झालं, तिसरं झालं. कुणाला लेकीचं सासर कुठलं ते विचारलं, कुणाला नातवाचं नाव. बायका उत्तरं देतात, हा माझ्या आयुष्यातला मोठा शोध होता. महिन्याभरात मी एका आजीबाईंना हसवलं आणि त्या रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या. वहिनी लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती. पण मला दिलेला धडा तिनं एक दिवस चुकू दिला नाही, आणि चुकलं तर कधी हिणवलं नाही. असा मास्तर मला शाळेत मिळाला असता तर मी वकील झालो असतो. वाईटच वकील, पण झालो असतो.

इकडे भावानं स्वतःची युक्ती काढली. त्यानं माझ्यासाठी खास चप्पल शिवून घेतली, डाव्या पायाचा तळ तीन बोटं जाड. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठच्या रस्त्यावर मी रोज संध्याकाळी ती घालून चालायला शिकलो. पंधरवड्यात डुलणं इतकं कमी झालं की ओळखीची माणसं ओळख न देता पुढे जाऊ लागली. मी छाती काढून चाले. आता आठवलं तरी माझं मलाच हसू येतं.

मग सिन्नरचं स्थळ आलं. मध्यस्थानं सांगून ठेवलं होतं, "मुलाच्या पायात किंचित कमी आहे." भाऊ, वहिनी आणि मी मोटारीनं गेलो. स्टँडपासून मुलीच्या घरापर्यंत मी राजासारखा चालत गेलो. मुलीचे वडील सुताचे व्यापारी होते. दारातच उभे होते, हात जोडून म्हणाले, "या, या. पाय धुवून घ्या."

ओट्याच्या कोपऱ्यात भरलेली बादली होती, तांब्या होता.

महिनाभर आम्ही त्या चपलेचा तळ मोजला, पट्टे आवळले, तिला तेल लावलं. पण परक्या घरात चपला बाहेर काढून, पाय धुवूनच जायचं असतं, हे रोज पाळणाऱ्या आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

भाऊ कानाशी लागला, "चक्कर आली म्हणतो. मोटार अजून उभी असेल."

मी वहिनीकडे बघितलं. ती पदर सारखा करत होती.

मला परत जायचं होतं. खोटं कशाला बोलू? पण मागं फिरलो असतो तर पुढं कुठल्याच दारात उभं राहायची माझी छाती झाली नसती, हेही तेव्हाच कळलं. मी चप्पल काढली. डावी टाच अधांतरी राहिली. मुलीच्या वडिलांच्या तोंडाकडे बघत म्हणालो, "किंचित नाही, तीन बोटं कमी आहे. या चपलेनं झाकलं होतं. आता नीट बघून घ्या."

तांब्या त्यांनी स्वतः माझ्या हातात दिला.

ओट्यापासून गादीपर्यंत वीसेक पावलं असतील. निम्म्यात पोचलो तेवढ्यात आतल्या दारात पोह्यांच्या बश्यांचं ताट घेऊन मुलगी आली. जरा लवकरच आली. आता खाली बघण्यात अर्थ नव्हता. मी तिच्याकडे बघून म्हणालो, "ताट खाली ठेवा. मला पोचायला वेळ लागेल."

तिनं ठेवलं नाही. मी बसेपर्यंत ताट धरून उभी राहिली.

मग नेहमीचे प्रश्न झाले. भावाच्या तोंडाला कोरड पडली होती, म्हणून उत्तरं मीच दिली. बोलणं संपत आलं तेव्हा मुलगी म्हणाली, "मी एक विचारू?"

"अगं!" आतून तिची आई.

"गंगेच्या पायऱ्या उतरता येतात?"

तोवर लोकांनी माझा पाय झाकला होता, नाहीतर त्याची कीव केली होती. त्याला काय जमतं, असं सरळ मला कुणीच विचारलं नव्हतं. खाली मान घालून उभं राहायच्या जागी या मुलीनं ते भरल्या बैठकीत विचारलं.

"उतरतो," मी म्हणालो. "चढताना मात्र आधार लागतो."

"कुणाचा?"

"ते अजून ठरायचंय."

भावाला ठसका लागला. वहिनीचा पदर तोंडावर गेला, पण खांदे हलत होते. मुलीचे वडील "कळवतो" म्हणाले आणि आम्ही निघालो. मोटारीत वहिनी म्हणाली, "पाय धुवायला लावतील, मला ठाऊक होतं. मुद्दामच बोलले नाही." मला ते आजही खरं वाटत नाही. पण तिच्याबाबतीत खात्रीनं सांगताही येत नाही.

त्यानंतरचे पाच दिवस मी अक्षरं वाकडी काढली. सहाव्या दिवशी कार्ड आलं. भावानं दुकानात उभ्यानं वाचलं, "मुलीची संमती आहे." मी त्याला ते पुन्हा वाचायला लावलं, मग माझ्या हातात घेऊन स्वतः वाचलं, आणि ओट्यावरून उठून भर बाजारातून डुलत डुलत वहिनीला सांगायला घरी गेलो.

हे मी मुलांना सांगतो तेव्हा त्यांची आई स्वयंपाकघरातून ऐकत असते. तिचं म्हणणं, मी उगीच मोठेपणा घेतो.

"माझी दया आली नव्हती ना पण?" मी विचारतो.

"तुमची कशाला येईल? तुम्ही तर वाद घालायलाच आल्यासारखे बसला होतात. दया आली ती तुमच्या भावाची. केवढा घाम फुटला होता बिचाऱ्याला!"