घट बसण्याआधी आलेली देवी

मुलांनो, धाकट्या आजीला नेमकं काय झालं होतं, असं तुम्ही फोनवर विचारलंत. घरात प्रत्येकजण ते वेगळं सांगतो, म्हणून क्रमाने लिहिते.

ती माझी धाकटी जाऊ, पाथर्डीकडच्या आपल्या गावी राहणारी. नवरात्राचे नऊ दिवस ती लवंगा आणि पाण्यावर काढायची. तिसऱ्या-चौथ्या माळेपासून तिच्या अंगात देवी यायची. घाम फुटायचा, हात थरथरायचे, बोलणं असंबद्ध व्हायचं. बायका पाया पडून त्या बोलण्यात पाऊसपाणी, मुलींची लग्नं शोधायच्या. आरतीनंतर तोंडात खडीसाखर घातली की थोड्या वेळाने ती शांत व्हायची आणि विचारायची, "काय बोलले मी?" आम्ही राहुरीहून दरवर्षी जायचो. मीही पाया पडायचे.

एका वर्षी घट बसायला महिना असताना, सकाळी न्याहारीआधी, बाजरीच्या रानातच देवी आली. दीर खुशीत म्हणाले, "औंदा लवकर आली!" पण जाऊला झटके येऊ लागले, जीभ चावली गेली आणि दातखीळ काही केल्या उघडेना. जीपमध्ये घालून तिला नगरला नेलं.

दवाखान्यात तिच्या रक्तातली साखर जवळजवळ संपलेली निघाली. सलाईनमधून साखर गेली तशी ती डोळे उघडून बघू लागली. पुढे तपासण्या झाल्या, स्कॅन झाला, सुईने तुकडाही काढला. स्वादुपिंडात गाठ होती. ती गरज नसताना इन्सुलिन सोडत होती, आणि पोट रिकामं असलं की साखर आणखी खाली जात होती.

"कॅन्सरच ना? मग किती दिस?" दिरांनी विचारलं.

डॉक्टर घाईत नव्हते. म्हणाले, "स्वादुपिंडाचा नेहमीचा कॅन्सर वेगळा, हा वेगळा. हा हार्मोन बनवणाऱ्या पेशींचा. त्या किती वेगाने वाढतात हे आधी बघतो. यांच्या हळू वाढतात."

"हळू म्हंजे चांगलंच की!"

"दुसरं बघतो, कुठवर पोचलाय. हळू चालतो, पण बरीच वर्षं चालतोय. लिव्हरमध्ये ठिपके आहेत. स्वादुपिंडातच असता तर गाठ काढून मोकळे झालो असतो. आता औषधांनी थोपवायचं. काही वर्षं मिळतीलही. आकडा मात्र मी सांगणार नाही."

जाऊ खाटेवरून सगळं ऐकत होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आक्का, म्हंजे ती देवी न्हवतीच?"

मी तिचं पांघरूण सारखं केलं. तिने भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टरांचा हुकूम होता, दर दोन-तीन तासांनी खायचं, रात्रीसुद्धा. त्या नवरात्रात घट बसले तशा बायका ओट्या घेऊन आल्या. जाऊ ओसरीवर भाकरी खात होती.

"घट बसल्यात आन ही बसलीया भाकर चावत!" एकीने टोमणा मारला.

"अगं, आता देवी कुनाच्या दारी जाईल?" दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. जाऊने मान वर केली नाही. घास मात्र संपवला.

पुढची दोन वर्षं औषधांवर निघाली. मग लिव्हर सुजलं, डोळे पिवळे झाले. गावाने निदान केलं, उपास मोडला म्हणून देवी कोपली. दीरही तसंच बोलू लागले. तिच्या उशाशी बसून बोलायचे, हे सगळ्यात वाईट.

एका दुपारी तिने माझा हात धरला. "आक्का, तू शिकलेली. खरं सांग. मी खाल्लं म्हनून लिव्हरला पोचलं का?"

मी म्हटलं, "आठव बरं. स्कॅन कधी झाला?"

"घट बसायच्या आदी."

"ठिपके कधी दिसले?"

"तवाच."

"आणि नवरात्रात पहिला घास कधी खाल्लास?"

तिने बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, "हे त्यांनाबी सांग. मी मेल्यावर नको. आत्ताच सांग."

मी दिरांना आत बोलावलं आणि तिच्यासमोर सगळं पुन्हा त्याच क्रमाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पटलं की नाही ते मला आजही ठाऊक नाही. त्याच आठवड्यात ती गेली.