विहिरीच्या काठावरचा तास

भूगोल शिकवायला लागून मला सव्वीस वर्षं झाली होती, आणि जमिनीचे थर मी दर वर्षी फळ्यावर खडूनंच काढत आले होते. मग कॉलेजनं आम्हा प्राध्यापकांच्या हाती एकेक टॅब दिला. व्हिडिओ, आवाज, आकृत्या एकत्र करून ज्यानं त्यानं आपापले धडे तयार करायचे होते. ऊसतोडीला गेलेल्या मुलांनाही ते मोबाईलवर बघता येणार होते.

पहिले चार दिवस टॅब आणि मी एकमेकांना भिऊनच होतो. पाचव्या दिवशी फोटोवर बोटानं रेघ ओढता येते हे कळलं आणि मला लहर आली. पारनेरच्या बाजूला एका शेतात नवी विहीर खोदत होते. रविवारी सकाळी स्कूटर काढून मी थेट तिथं पोचले.

वर हातभर काळी माती, मग पिवळसर मुरूम, त्याखाली पांढऱ्या ठिपक्यांचा खडक. जन्मभर जी आकृती काढली ती उभी कापलेली, ओली, उन्हात चमकत समोर होती. मला तिथंच नाचावंसं वाटलं. शेताच्या मालकीणबाई, साठीच्या मावशी, शेजारी उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या.

मी टॅब धरून बोलायला लागले, "हा पोकळ्या असलेला बेसॉल्ट..."

"त्याला मांजऱ्या म्हनत्यात, बाई," मागून मावशी म्हणाल्या. "पानी ह्यातच लागतंय. खालच्या काळ्या पाषानात न्हाई."

"मावशी, हेच इकडं बघून पुन्हा सांगाल? मुलांना दाखवते."

"दाखवा की. पन मी चौथी शिकलेली हाय."

पदर सारखा करून त्या ज्या सुटल्या त्या थांबेचनात. कुठल्या थरात पहार कशी वाजते, ओल कुठून पाझरते, सासऱ्यांनी खोदलेली विहीर कोरडी का निघाली. त्यांनी पहारीचे आवाज तोंडानं काढून दाखवले तेव्हा मला हसू फुटलं, मग त्यांनाही. टॅब इतका हलला की व्हिडिओत नुसतं आभाळ आलं.

घरी दोन तास खटपट करूनही तेवढं हसणं कापून टाकायला मला जमेना. शेवटी राहू दिलं. थरांवर रंगीत रेघा ओढल्या, खाली तीन प्रश्न घातले आणि धडा पाठवून दिला.

सोमवारी वर्गात शिरले तर मागच्या बाकांवर पहारीचे आवाज चालले होते. दुपारी नेवाशाकडच्या एका विद्यार्थिनीचा उसाच्या फडातून आवाजी निरोप आला. ती आईवडिलांबरोबर तोडीला गेली होती. "मॅडम, आमच्या सगळ्या टोळीनं धडा बघितला. माझे वडील म्हणले, बाईला लई समजतंय. म्हणजे तुम्हाला नाही, त्या मावशींना."

मी तो निरोप स्टाफरूममध्ये तीनदा वाजवला. संध्याकाळी मावशींना फोन लावून त्यांनाही ऐकवला.

त्या म्हणाल्या, "परत लावा."