गुळपाणी लावलेलं बियाणं

कागलच्या अलीकडच्या वाडीत आक्काताईच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. पण सोयाबीनच्या बियाण्याला हात लावताना हीच बाई अशी हळवी व्हायची की बघत राहावं! बारा वर्षांपूर्वी शेतीच्या शिबिरात तिला कळलं, की डोळ्यांना न दिसणारे जिवाणू मुळांवर गाठी करून राहतात आणि हवेतलं नत्र पिकाला खाऊ घालतात. तेव्हापासून दर पेरणीला ती गार गुळपाण्यात जिवाणूंची पावडर कालवून बियाण्याला चोळायची आणि सावलीत सुकवायची. उन्हात ही लेकरं मरतात, हे तिनं अख्ख्या वाडीला ओरडून सांगितलेलं.

यंदा पहिल्यांदाच हे काम तिनं सुनेकडं, सोनमकडं सोपवलं आणि स्वतः रानात गेली.

टोकणीला बी मुठीत घेतलं आणि आक्काताई चरकली. बी गरम! म्हणजे उन्हात पडलं होतं. शिवी अगदी ओठावर आली. तेवढ्यात सोनमचं तोंड दिसलं, पांढरंफटक. पोरगी आपल्याला एवढी भिते? आक्काताईला कसंसंच झालं. शिवी गिळून तिनं तेच बी टोकलं. ही आपण होऊन सांगेल का, एवढीच आस तिला लागली.

चाळीस दिवस आक्काताईचं ओरडणं बंद! शेजारणींना वाटलं, म्हातारीला बरं नाही.

फुलं लागल्यावर तिनं एक रोप अलगद उकरलं. शेजारी उभी असलेली सोनम एकदम रडायलाच लागली.

"आत्ती, बी उन्हात वाळलं. पोरीला ताप हुता, तिला मांडीवर घेऊन बसले, सावली कवा सरकली कळलंच न्हाय."

"ठाव हाय की मला. हाताला गरम लागलं हुतं."

आक्काताईनं मुळं पुढं धरली. जेमतेम पाच-सहा गाठी. एक नखानं फोडली, आत गुलाबी.

"जित्ती हाय बघ. मागल्या सालांतली लेकरं रानातच ऱ्हायली असतील. यंदा कमी हायत, थोडा युरिया टाकू. त्याचं काय न्हाय." मग तिनं रोप खाली ठेवलं. "पर पोरीला ताप आला आणि तू मला हाक मारली न्हाईस? एवढी वाईट हाय व्हय मी?"

"भ्या वाटलं, आत्ती."

आक्काताई मटकन बांधावर बसली. सुनेचा हात ओढून तिला जवळ बसवलं, पदरानं तिचं तोंड पुसलं.

"आता न्हाय वरडायची," ती म्हणाली, आणि हे इतक्या मोठ्यांदा म्हणाली की पलीकडच्या रानातल्या बायका वळून बघायला लागल्या.