डावी खिडकी

माझ्या वडिलांनी केसाने माझा गळा कापला, तोही एका विमानापायी. हे सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे.

वडील नौदलात होते, समुद्रावर गस्त घालणाऱ्या विमानात. कडावच्या भातखाचरांत वाढलेला हा माणूस नोकरीभर डाव्या खिडकीला नाक लावून पाणी बघत बसला. सुट्टीवर आले की मला शेतावर न्यायचे. भात निघाल्यावर आमच्याकडे वाल पेरतात, आणि कोवळ्या वालावर मोकाट गुरं तुटून पडतात. त्याची राखण आम्ही विमानातल्यासारखी करायचो. बांधावर पाठीला पाठ लावून बसायचं. अर्धं शेत त्यांचं, अर्धं माझं. बघून बघून डोळे मठ्ठ झाले की बाजू बदलायची. एका नियमात मात्र सूट नव्हती. दिसलं की लगेच बोलायचं, साधा कावळा असला तरी.

"बघून जो गप बसला त्यानं आख्ख्या विमानाचा घात केला. कळलं का गं?"

गस्तीच्या विमानांचा इतिहास मी असा बांधावर बसून ऐकला. आधी म्हणे होडीच्या पोटाची, थेट पाण्यावर उतरणारी विमानं होती. महायुद्धात ती दिवसदिवस समुद्रावर फिरून पाणबुड्या हुडकायची. पुढे प्रवाशांच्या मोठ्या विमानांतल्या खुर्च्या काढून तिथे यंत्रं बसवली. वडिलांचं विमानही रशियन प्रवासी विमानावरूनच बेतलेलं, चार पंख्यांचं, शेपटीमागे लांब दांडा असलेलं. पाण्याखालच्या लोखंडाचा माग तो दांडा काढायचा. शिवाय विमानातून समुद्रात नळकांडी टाकायची. ती तरंगत राहून पाण्याखालचे आवाज वर कळवायची. काम झाल्यावर ती कुणी गोळा करत नाही हे ऐकून मी लहानपणी रडले होते. धाकटा भाऊ या राखणीला कधी आला नाही. त्याला डास चावायचे.

"हे विमान म्हातारं झालं ना, का तुला आत नेईन. माझ्या खिडकीशी बसवीन," वडील म्हणायचे. लग्न होऊन मोहोपाड्याच्या कॉलनीत आले तरी मी तो शब्द धरून होते.

शेवटी त्या जातीची विमानं निवृत्त झाली. गोव्यात निरोप समारंभ ठरला, जुन्या लोकांना बोलावणं आलं, सोबत घरचं एक माणूस चालणार होतं. मला हे कळलं ते सगळं उरकल्यावर. घरच्या ग्रुपवर फोटो आला: डाव्या खिडकीशी माझा भाऊ, अंगठा वर करून. मी भाकऱ्या करत होते. तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाला तेव्हा नवरा धावत आला. आईला फोन केला, तर तिला आधीपासून सगळं ठाऊक.

"तू आता सासरची, बाय. घराचं नाव त्योच लावनार," ती म्हणाली. "त्यांनीच सांगितलं, तिला बोलू नको म्हनून."

नेलं नाही, हे मी रडूनभेकून गिळलं असतं. पण ज्या माणसाने मला बोलायला शिकवलं तोच बघून गप्प बसला. त्याने मी आतून फाटले, आणि अजून शिवली गेलेली नाही.

त्यात भर म्हणून भिसेगावला राहणाऱ्या भावाचा फोन. गावच्या शाळेने त्याला विमानावर बोलायला बोलावलं होतं. "ताय, ती नळकांडी कशाला टाकतात गं? जरा सांग ना." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन कापला.

त्या थंडीत पोपटीसाठी सगळे शेतावर जमलो. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ. ऊन उतरत होतं. वडील सवयीने बांधावर बसले आणि त्यांनी मला हाक मारली, जणू काही झालंच नाही. मीही सवयीनेच पाठीला पाठ लावून बसले. जाळापाशी भाऊ पाहुण्यांना खिडकीतून काय काय दिसतं ते सांगत होता. गोव्यात ते विमान तर जमिनीवरच उभं होतं.

तेवढ्यात माझ्या बाजूच्या कोपऱ्यातून एक तांबडी गाय वालात शिरली. मला ती स्पष्ट दिसली. तिने सावकाश एक ओळ संपवली, दुसरीला तोंड घातलं. मी बघत राहिले.

बाजू बदलायला वडील वळले. "अगं, गाय! दिसली नाय तुला?"

"दिसली."

"मंग बोलली का नाय?"

"गोव्याचं बोलावनं आलं तवा तुमी बोललात?"

भाऊ काठी घेऊन धावला, त्याच्या मागोमाग तेही गेले. गाय हाकलून वडील पुन्हा त्याच जागी येऊन बसले, माझ्याकडे पाठ करून, मी नेहमीसारखी टेकेन म्हणून. मी उठले आणि जाळापाशी गेले.