वहिनीचा बिगोनिया

माझा थोरला भाऊ नर्सरीत पानांचे बिगोनिया करतो. फुलांचे नव्हे. पान किरमिजी, कडेला हिरवं, मधे रुपेरी पट्टा. सगळी ऐट पानातच. कळी दिसली की दादा ती खुडून टाकतो. गिऱ्हाइकानं "फुलं कधी येतील?" विचारलं की त्याचा पारा चढतो. "गुलाब पलीकडे आहेत, तिकडे जा," म्हणतो. विक्रीच्या बाबतीत आमचा दादा म्हणजे आनंदच आहे.

हात मात्र गुणी. पानाच्या शिरांना ब्लेडनं काप द्यायचे, पान ओल्या वाळूवर टेकवायचं, की महिन्या-दोन महिन्यांत कापाकापातून रोप. सगळी मूळ झाडासारखी हुबेहूब.

त्यातलंच एक वहिनीसाठी स्वयंपाकघराच्या खिडकीत होतं. या झाडाला पाणी बेतानं घालायचं असतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण गेल्या वर्षी ती विसरायला लागली. सकाळी पाणी घालायची, चहा झाला की पुन्हा, भाजी चिरून झाली की पुन्हा. मुळं कुजली, झाडानं मान टाकली. वहिनी दिवसभर रडली. "माझ्या हाताला काय झालंय हो?" एवढंच विचारत राहिली.

दुसऱ्या दिवशी दादानं तसंच रोप आणून त्याच कुंडीत लावलं. "बघ, सावरलं," म्हणाला. मग दर महिन्याला तेच. एकदा मी भडकलो.

"दादा, काय खेळ मांडलायस हा? झारी लपव ना."

"लपवली तर शोधत बसते रे. रोपं काय, माझ्याकडे चिकार आहेत."

डॉक्टरांनी तर केव्हाच हात टेकले होते. मला दादाचा राग येत होता, आणि आपल्याला काहीच करता येत नाही याचा त्याहून जास्त.

परवा गेलो तर कुंडी पानांनी गच्च भरलेली. एवढं मोठं पान मी नर्सरीतही पाहिलं नव्हतं.

"वा, या खेपेला जगलं की," मी म्हणालो.

दादा माझ्याकडे न बघताच बोलला, "तीन महिने झाले. ती त्याच्याकडे फिरकतच नाही."

वहिनी टेबलाशी नुसती बसून होती. दादानं झारी भरली, तिला उठवून खिडकीशी नेलं, झारी तिच्या हातात दिली आणि तिचा हात धरून कुंडीवर वाकवला. पाणी कुंडीखालच्या ताटलीतून ओट्यावर वाहायला लागलं, तरी तो म्हणतच होता, "घाल. अजून घाल थोडं."