उशिराचं पिल्लू

पत्नीने वारण्यापूर्वी उबवणी यंत्रात ठेवलेल्या अंड्यांतून पिल्लं निघाली. एकच अंडं राहिलं. वेस्ट मांबलमच्या आमच्या घरी पिल्लं विकत न्यायला जवळच्याच कोवलम गावाहून एक बाई आली होती. अंड्याला भोक पडलं होतं, पण पुढे काही होईना. कवच सोलायला मी झाकण उचलू लागलो, तर तिने त्यावर तळहात दाबला.

“उघडू नका, सार! ओलावा गेला की आतला पडदा वाळून पिल्लाला आवळतो.”

“बाकीची कधीच बाहेर आली.”

“याला उशीर झालाय. मेलं नाही ते.”

परतीची बस सोडून ती तिथेच बसली, अंड्याला लाडाने शिव्या देत. उन्हं उतरताना कवच तडकलं, आणि गल्ली दणाणेल अशी शिट्टी तिने मारली.

बाकीची टोपलीत भरून हे तिने माझ्या ओंजळीत ठेवलं. “हे विकायचं नाही, सार.”

ते एवढ्या जोरात ओरडलं, की आम्ही दोघेही हसलो.